मिलानहून आलेला तेलाचा डबा

पापडी, वसई
१२ ऑक्टोबर १९८६

प्रिय जुलियाना,

प्रभूची कृपा तुझ्यावर सदैव असो. इकडे सगळे खुशाल आहेत. पाऊस सरला, केळीचे घड भरलेत, आमच्या ह्यांचं गुडघ्याचं रडगाणं चालूच आहे.

तू पाठवलेला ऑलिव्ह तेलाचा डबा मिळाला. मिळाला म्हणजे काय, त्यानं गावभर माझी शोभा केली, ते आधी ऐक.

तू लिहिलं होतंस की तिथले डॉक्टर गर्भाशयाचा कॅन्सर झालेल्या बायकांना विचारत बसतात, काय खाता, कुठलं तेल वापरता. हे तेल खाणाऱ्यांना तो आजार कमी होत असावा, असं त्यांना वाटतंय. आपली आई त्याच आजारानं गेली, म्हणून तू डबा धाडलास. मी लगेच त्यात बोंबील तळायला घेतले. वासानं सासूबाई आत आल्या. डब्यावरची परकी अक्षरं आणि ऑलिव्हची फांदी त्यांनी निरखून पाहिली. सासऱ्यांना शेवटच्या आजारात फादरांनी लावलं ते पवित्र तेल ऑलिव्हचंच होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. नर्स बहीण इटलीहून असलं तेल पाठवते म्हणजे काय, ते त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि मला एक शब्द न विचारता घराबाहेर पडल्या.

मी बोंबील उलटतेय तोवर ओटीवर अर्धी आळी जमली, हातात रोझरी, डोक्यावर पदर. मागून फादर. "कोण आजारी आहे?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ही. माज्यापासून लपवते. पन बहिनीनं तेल धाडलंय."

फादर ओटीवर बसून हसले. "अहो, हे खायचं तेल. बिशप आशीर्वाद देतात तेव्हा ते पवित्र होतं." शेजारच्या मार्थानं तर एक बोंबील तोंडात टाकलाही. मीही हसत होते. हसता हसता रडायला लागले आणि थांबताच येईना.

कारण सासूबाई चुकल्या नव्हत्या, जुलियाना. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं का, असं तू पत्रात विचारत होतीस आणि मी तुला पावसाचं लिहीत होते. ईस्टरपासून दिसत होतं. आईचं आठवून मी घाबरले होते. तुझं तेल खाल्लं की आपोआप बरं होईल, असली वेडी आशा धरून बसले होते.

सगळे गेल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "उद्या मुंबईला जायाचं. मी येते संगती," एवढंच म्हणाल्या, आणि आल्या.

इस्पितळात आतलं अस्तर खरवडून तपासलं. कॅन्सरच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. पिशवी काढून टाकली. परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठेही पसरलेला नाही, आणखी उपचार नकोत, फक्त दाखवायला येत जा. मी तेलाचं विचारलं. म्हणाल्या, "त्याचं अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही. आवडत असेल तर खा. पण वाचलात, ते वेळेत आलात म्हणून."

मी इतकी आनंदात आहे, काय सांगू. काल वाडीत विहिरीपर्यंत चालत गेले आणि तिथे उभी राहून मोठ्यानं गायले. ह्यांना वाटलं, भूल अजून उतरली नाही. सासूबाई आता त्या तेलात स्वतःसाठी अंडं तळून घेतात, मला विचारतही नाहीत.

आता तुझी पाळी. आई आपल्या दोघींची होती. तू तिथे परक्या बायकांची काळजी वाहतेस, मला डबे धाडतेस, पण स्वतःबद्दल एक ओळ लिहीत नाहीस. गेल्या पत्रात नुसतं "थकते हल्ली" म्हणालीस आणि विषय बदललास. असं बदलणं मला चांगलं कळतं, ग. तपासून घे. काय असेल ते खरं लिही, एकटीनं घाबरत बसू नकोस. ऐकायला मी आहे, आणि देवाच्या दयेनं पुष्कळ वर्षं असेन.

तुझी धडधाकट ताई,
आल्बिना