संगीत आणि गणित, एकाच तासाला

प्रिय स्टुअर्ट,

काल प्राचार्यांच्या खुर्चीतून तू किती हळुवारपणे म्हणालास, "मिस, संगीत कुणी निवडतच नाही हो. वर्ग बंद करावा लागेल." लहानपणी कॉन्व्हेंटात नन्सनी शिकवलं होतं तशी मी निमूट मान डोलावली आणि घरी आले.

पण संगीत आणि गणित एकाच तासाला तूच ठेवलंस ना? मग मुलं दोन्ही कशी घेणार? माझ्याकडे चेलो वाजवायला शिकणारी केझाया रडवेली होऊन म्हणाली, "मिस, गणित सोडलं तर आई घरात घेणार नाही मला. रागावलात?"

"वेडी कुठली!" म्हटलं मी.

मँचेस्टरच्या फीवाल्या शाळेत दोन्ही मिळतं. पण केझायाची आई बस चालवते.

तुझ्या घरी तरी कुठे वाद्य होतं, राजा? या सरकारी कॉलेजातच तू माझ्या वर्गात ट्रम्पेट शिकलास, आणि शेजारच्या वर्गात गणितही. तुला कुणी एक सोड म्हटलं नाही.

हे तोंडावर बोलवलं नाही, पत्रही बहुधा टाकवणार नाही. शुक्रवारी केझाया कॉलेजचा चेलो परत करायला येईल. तेवढा तू तिच्या हातून घे. मला नाही जमणार.

तुझ्यावर अजूनही माया असलेली,
मॉरीन कॉनेली