पाठ केलेली वीस चित्रं

६ फेब्रुवारी, गुरुवार

गाठ नाही! एवढं ऐकून मी उठायलाच लागले होते. डॉक्टर म्हणाले, "बसा. पुढचं ऐका."

धाकट्या भावाच्या डोक्यात डाव्या बाजूला रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. जन्मापासूनचा. धमनीतलं रक्त जोरात थेट शिरेत घुसतं, मध्ये जोर कमी व्हायला जागाच नाही. कधीतरी फुटू शकतं. म्हणजे एकतीस वर्षं हा माणूस असं डोकं घेऊन फिरतोय, दुकानात रंगाचे डबे उचलतोय. परवा गिऱ्हाइकासमोर फिट येऊन पडला नसता तर कळलंही नसतं. त्या दिवशी सांडलेला निळा रंग अजून त्याच्या नखांत आहे.

गुंता काढायचा तर कवटी उघडायला हवी. पण त्याआधी मांडीच्या धमनीतून बारीक नळी डोक्यापर्यंत नेणार आणि गुंत्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या औषधी डिंकाने एकेक करून बुजवणार, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त कमी जाईल. हे दोन खेपांत. सगळ्या एकदम का नाही बुजवत, मी विचारलं. म्हणाले, एकदम बंद केलं तर शेजारच्या वाहिन्यांवर ताण येतो.

खरी मेख पुढेच. गुंता बोलण्याच्या जागेला खेटून आहे. म्हणून प्रत्येक वाहिनीत आधी थोडं गुंगीचं औषध सोडून तेवढाच भाग चार-पाच मिनिटं झोपवायचा. धाकटा जागा. त्याला चित्रं दाखवायची. नावं सांगता आली तर डिंक घालायचा. अडखळला तर त्या वाहिनीला हात लावायचा नाही.

बाहेर आल्यावर धाकटा म्हणतो, "ताई, तोंडी परीक्षा आहे गं."

दुकानात समोरच्याला बोलता बोलता चार डबे जास्त विकेल, पण परीक्षक दिसला की याची दातखीळ बसते. शाळेपासून. तेव्हाही तयारी मीच करून घ्यायची.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज स्पीच थेरपिस्टकडे. चोवीस चित्रं दाखवली. चार जमली नाहीत, ती तिने बाजूला काढली. "उरलेली वीस गुरुवारी विचारू," म्हणाली. मला मागे बसू दिलं होतं. गप्प बसून मी काय करणार? फाइलच्या मागच्या पुठ्ठ्यावर वीसच्या वीस नावं लिहून घेतली. ओळीने.

बावीस वर्षं शिकवण्या घेतेय. येणारे प्रश्न आधी हुडकून मुलांकडून घोटून घ्यायचे, यावर तर माझं नाव आहे. माझ्याकडचं पोर नापास झालेलं कुणी दाखवावं!

घरी आल्यावर बसवला. छत्री, कात्री, शिडी, कुलूप, बादली... अकरा वेळा. शेवटी डोळे मिटून घडाघडा म्हणायला लागला.

"ताई, हे चालतं का पण?"

"अभ्यास करणं कधीपासून गुन्हा झाला?"

पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागला बिचारा. माझ्यापुढे कधी कुणाचं चाललंय?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वीसपैकी वीस! पहिल्या खेपेतल्या दोन्ही वाहिन्यांना! दोन्ही बुजवल्या. थेरपिस्ट बाहेर येऊन म्हणाली, "एकदासुद्धा अडखळले नाहीत." मी मान डोलावली, जशी निकालाच्या दिवशी डोलावते. घरी येऊन आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

डोकं दुखतंय त्याचं. एकदा उलटी झाली. बाकी ठीक. उद्या घरी सोडतील. दुसरी खेप पुढच्या गुरुवारी, ऑपरेशन त्यानंतर दोन दिवसांनी.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आरशासमोर उभा राहून म्हणाला, "ताई, ते दे ना... ते केसांचं." मी कंगवा दिला. चेष्टा करतोय वाटलं. मग चहा पिताना कपाला "हे". किल्लीला "दाराचं ते".

शिवणाच्या डब्यातली कात्री काढून समोर धरली.

"हे... कापायचं."

"नाव सांग."

कपाळावर घाम. ओठ हलतात, शब्द येत नाही. मला राहवलं नाही, मी म्हटलं, "छत्री—" आणि तो लगेच सुरू, "छत्री, कात्री, शिडी, कुलूप, बादली..." थेट विसापर्यंत. पाढ्यासारखं. संपल्यावर पुन्हा कात्री दाखवली. पुन्हा "कापायचं".

मी कात्री डब्यात परत टाकली.

गुरुवारी त्याने चित्रं बघून उत्तरं दिलीच नाहीत. चित्रं त्याच ओळीने आली असणार, आणि त्याने माझी यादी म्हणून दाखवली. त्या वाहिन्या बोलण्याच्या होत्या की नव्हत्या, हे कुणालाच कळलं नाही. डॉक्टरांनी विश्वासाने डिंक घातला, तो माझ्या शिकवणीच्या भरवशावर!

रडले. त्याच्यासमोरच. त्याने पाठीवर हात ठेवला. शब्द शोधत शोधत म्हणाला, "जाऊ दे ताई. तू... काही सांगू नकोस."

१७ फेब्रुवारी, सोमवार

तपासणी. मी औषधांच्या रांगेत अडकले, तो एकटाच आत जाऊन आला. नंतर डॉक्टरांनी मला बोलावलं. शब्द अडतात हे त्यांनी लिहून घेतलं होतं. म्हणाले, सूज असेल तर काही आठवड्यांत उतरेल. नसेल तर थोडं असंच राहील. आत्ता सांगता येत नाही.

तोंड उघडलं होतं मी. समोर खुर्ची होती, दार लावलेलं होतं, डॉक्टर माझ्याकडेच बघत होते, जरा जास्तच वेळ. मी विचारलं काय, तर, गोळी जेवणाआधी की नंतर?

इथे तरी खरं लिहावं. त्या वेळी मला भीती धाकट्याची नव्हती वाटत. माझी वाटत होती. एवढ्या शिकलेल्या बाई आणि असं केलंत, हे ऐकायची.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आजही नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

त्याला पुन्हा दाखल केलं. उद्याची तिसरी वाहिनी सगळ्यात जाड, आणि बोलण्याच्या जागेला सगळ्यात जवळची. डॉक्टरांनी फळ्यावर काढून दाखवली. हात एवढा स्थिर त्यांचा!

सांगितलं तर तारीख पुढे जाईल. अर्धवट बुजवलेला गुंता तसाच ठेवणं धोक्याचं, हे त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलंय. मधल्या दिवसांत फुटला तर? नाही सांगितलं तर उद्या हा पुन्हा छत्री-कात्री म्हणेल आणि ते पुन्हा डिंक घालतील. मग सगळंच जाईल. दुकान, गिऱ्हाइकं, बडबड. आई गेल्यापासून घरात आवाज म्हणून जो काही आहे तो त्याचाच. मी तर फक्त ओरडते.

दुपारी त्याला म्हटलं, "ती यादी विसर." हसला. विसर म्हटल्याने कुणी विसरतं का? आणि घोटून घेण्यात मी कधी कसर ठेवलीय?

उद्या सकाळी सांगणार. काय म्हणायचं ते म्हणू देत मला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं. धाकट्याला आत नेल्यावर, दारातच. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सोमवारीच कळलंय आम्हाला. तुमच्या भावाने सांगितलं. 'मीच हट्ट करून ताईकडून पाठ करून घेतलं, तिला काही बोलू नका,' असं म्हणाले. शब्द सापडत नव्हते त्यांना. पण पूर्ण सांगूनच उठले." चित्रं त्याच दिवशी बदलली होती.

तिसऱ्या वाहिनीत औषध गेलं आणि नव्यांतल्या पहिल्याच चित्राला धाकटा गप्प झाला. औषध उतरेपर्यंत पाच मिनिटं त्याला एक शब्द बोलता आला नाही. ती वाहिनी त्यांनी सोडून दिली.