वाकडी माशी

५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चार पानं भरून पिस्तूल, आणि शेवटच्या पानाच्या कडेला, जागा उरली म्हणून, बाबा ठीक आहेत एवढी एक ओळ. अरे, ठीक म्हणजे काय? झटका आल्यापासून लुळ्या पडलेल्या उजव्या हातात काही जोर आला का? व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू दाबतात का, की अजून भिंतीकडे तोंड करून पडून असतात? त्या बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, आत्ता हात हलवला नाही तर तो कायमचा गेला. हे तुला सोडून सगळ्यांना कळतं.

आता तुला सापडलेल्या पिस्तुलाविषयी. ते लढाईतलं नाही आणि कुणा साहेबाचंही नाही, तेव्हा घाबरून पोलिसांकडे धावू नकोस. ते छऱ्याचं आहे, बाबांचं. मी लहान असताना रविवारी सकाळी ते मागच्या भिंतीवर पुठ्ठा टांगून नेम धरायचे. कारखान्याच्या क्लबात त्यांच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. तू पाळण्यात होतास. पुढे आईनं भिंतीचे उडालेले पोपडे पाहिले आणि पिस्तुलाची पेटी कपाटावर गेली ती गेलीच.

वहिनीनं वेगळ्या चिठ्ठीत कळवलंय की तू शिवणयंत्रांचं दुकान अर्ध्यावर टाकून घरी येतोस आणि जेवायच्या टेबलावर स्प्रिंगा मांडून बसतोस. वस्तू उघडण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. पुन्हा जोडण्याचं काय? माझं मनगटी घड्याळ अजून तुझ्या डब्यात सुटं पडलंय.

बाबांचं नीट लिही. मग आशीर्वाद आणखी पाठवीन.
तुझी ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या घड्याळाला एक दातेरी चाक मिळत नाही, त्याला मी काय करू?

बाबांचं लिहायला बातमी असेल तर लिहीन ना! चेंडू त्यांनी बाईंच्या देखत खिडकीबाहेर फेकला. शेजारच्या कुत्र्यानं नेला. आता विचारलं तर डोळे मिटून घेतात. मी रोज हात जोडतो, ही रोज रागावते, बाई रोज सुस्कारा सोडतात. ताई, मीही कंटाळलोय गं. पिस्तूल निदान ऐकतं तरी.

मुठीची लाकडी पट्टी काढली तर खाली आकडा निघाला. आपल्या कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यांना असल्या जुन्या वस्तूंचा भारी नाद आहे. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि खुर्चीतून उठलेच. तो कारखाना कधीच बंद पडलाय म्हणे, आणि या घडणीची पिस्तुलं आता शोधून सापडत नाहीत. घासून चकाचक करू नका, नुसतं तेलाच्या फडक्यानं पुसा, असं बजावलं. आतला चामड्याचा वॉशर वाळून कडक झाला होता, म्हणून हवा धरत नव्हतं. तो तेलात मुरवला, फुगला, बसवला. आता चाप ओढला की असा खणखणीत आवाज येतो की बस्स.

एकच खोड होती. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी डावीकडे सरकलेली होती. कधीतरी आपटलं असणार. मी हलक्या हातानं ठोकून सरळ केली. पिस्तूल हलू नये म्हणून शेगड्यात आवळून छर्रे मारले तर सगळे एकाच भोकात! चष्मेवाले काचेच्या कपाटात जागा करून वाट पाहत आहेत. उद्या बाबांना दाखवतो आणि चष्मेवाल्यांना देऊन टाकतो.

तुझा राग उतरला की माझ्यावरची माया तेवढी जागेवर ठेव.
तुझा धाकटा

२४ जानेवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, पण घाईतले.

तुला शेगडा म्हणायचं होतं की शिकंजा? त्या घरात कुणाला धड लिहिता येत नाही. ते असो. बाबांच्या वस्तू बाबा जिवंत असताना वाटायला तू कोण? पिस्तूल घरातून हललं तर मी पुढच्या गाडीनं तिथे येईन आणि महिनाभर राहीन. वहिनीला हे वाचून दाखव.

ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येऊ नकोस. पिस्तूल इथेच आहे. शिकंजाच म्हणायचं होतं.

बाबांच्या मांडीवर ते ठेवलं. डाव्या हातानं उचललं, डोळ्यासमोर धरलं, आणि इतक्या महिन्यांनंतर तोंडातून पहिलं धड वाक्य निघालं ते मला गाढव म्हणणारं. माशी सरळ कुणी केली, असं विचारून घर डोक्यावर घेतलं. ती आपटलेली नव्हती गं! चाप ओढताना त्यांचा उजवा हात नेहमी डावीकडे जायचा, आणि माशी डावीकडे घेतली की छर्रा तेवढाच उजवीकडे जातो, म्हणून कितीतरी रविवार खर्च करून त्यांनी ती स्वतः थोडी थोडी ठोकून सरकवली होती. मी दुरुस्ती केली नाही, वाट लावली.

मग त्यांच्यासमोर बसून, शिव्या खात, होती तिथे परत सरकवली. चष्मेवाल्यांनी कपाळावर हात मारला. पुठ्ठा टांगला, मी छर्रा भरून दिला, बाबांनी डाव्या हातानं नेम धरला. सगळे छर्रे उजवीकडे! एक हिच्या बादलीत गेला, ती आता गळते. मी म्हटलं, माशी उजवीकडे घेऊ का, डाव्या हाताला जमेल. तर पिस्तूल उशीखाली घालून पुन्हा भिंतीकडे तोंड. माझं डोकं आता चालत नाही. बादलीवरून ही बोलत नाही ते वेगळंच.

कुणाचीच मर्जी उरलेली नसलेला,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र डाव्या हाताचं आहे, त्यामुळे अक्षराला नावं ठेवू नकोस. एवढं लिहायला सकाळ गेली.

तुझ्या भावाला समज द्यावी. माशी डाव्या हाताच्या सोयीनं हलवतो म्हणे. ती माझ्या उजव्या हाताची आहे. तिथून हलवली तर उजवा हात गेला असं मीच कबूल केल्यासारखं होईल. त्याची मला भीती वाटते, म्हणून तर मी कुणाशी बोलत नव्हतो. आता ती पाहिली आणि वाटलं, माशी नाही, हातच जागेवर आणावा.

तो चेंडू मी फेकला हे खरं, पण फेकलेली वस्तू उचलून ठेवायला घरातल्या कुणाला काय झालं होतं? मागायची मला लाज वाटते. तू एक पाठव. जरा कडक बघ.

पाकिटावर माझं नाव घाल, धाकट्याचं नको. तो आत काय आहे ते बघायला चेंडू उघडेल.

तुझे,
बाबा