टम्म फुगलेली भाकर आणि माझी शपथ

प्रिय अहो,

आज सकाळी मोताळ्याहून एसटीने तुमची पेटी आली. बँडच्या मालकांनी पाठवली. आत तुमचा ट्रम्पेट, लाल कोट, तुऱ्याची टोपी आणि तोंड पुसायचे दोन रुमाल. पार्सलचे नव्वद रुपये पडले, आणि स्टँडवरून घरापर्यंत ऑटोचे तीस. ऑटोवाला पन्नास म्हणत होता. मी तीसच दिले. हसू नका!

पण मी लिहायला बसले ती पेटीसाठी नाही. मारुतीच्या पारावर तुम्हाला घातलेल्या शपथेसाठी बसले. ज्यानं शपथ घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं, आणि ज्याला घातली त्याच्या कानावर ते जायला पाहिजे, हा आपल्याकडचा नेम. परवाच्या शनिवारी नारळ फोडून मी तीनदा म्हटलं. पण तुमच्या कानावर गेलं की नाही, हे मला कोण सांगणार?

तो उखाणा आठवतो ना? लग्नात बायांनी मला दारात अडवलं होतं. पाठ केलेला मी पार विसरले आणि तोंडाला आलं ते म्हटलं:

तव्यावर भाकर फुगली टम्म,
भास्करराव म्हणतात, 'सुमन, जरा थांब!'

सगळा मांडव हसला. मी लाजेनं मरून गेले. आणि तुम्ही? तुम्ही ते चोवीस वर्षं मनात ठेवलंत!

मग दोन वर्षांमागे बँडमध्ये नवा कॅशिओ आला. त्याच्या एका बटणात तो परदेशी ठेका होता. रूपा म्हणाली, "बाबा, याला लॅटिन म्हणतात. समुद्रापलीकडची माणसं यावर जोडीनं नाचतात." तुम्ही म्हणालात, "नाचू दे. पन हा ठेका त्यायचा नाही. तुह्या मायच्या परातीतला आहे. ऐक, ते भाकर थापते तवा कसं वाजते." मला वाटलं, माझी थट्टा चालली आहे. मी परात उचलून आत गेले.

खामगावच्या स्टुडिओत जाऊन तुम्ही एक गाणं भरून आलात. तो ठेका, त्यावर तारांची झणझण, मध्येच तुमचा ट्रम्पेट, आणि तुमच्याच आवाजात माझा उखाणा. 'भाकर टम्म, टम्म, टम्म, सुमन जरा थांब!' रूपानं ते मोबाईलवरून जगाला वाटून टाकलं.

जगानं काय केलं, ते तुम्हाला माहीत आहे. माझं काय झालं, ते कधी विचारलंत का?

भजनी मंडळात मी टाळ हातात घेतला की मागून कोणीतरी हळूच 'टम्म' म्हणायचं. अभंग बाजूला, सगळ्या बाया पदरात तोंड घालून फिदीफिदी! शेजारची कमल तर भिंतीवरून ओरडायची, "सुमने, फुगली का वं भाकर? का अजून थांबूनच राह्यली?" पन्नाशीला टेकलेला माणूस, घरात लग्नाची मुलगी, आणि बायकोचं नाव घेऊन प्रेमाचं गाणं! पुण्याच्या एका रेडिओवाल्यानं म्हणे ते लावून वर म्हटलं, "किती गावठी!" माझ्या माहेरच्यांनीसुद्धा ते ऐकलं.

त्याच दिवशी मी तुम्हाला पारावर बोलावलं आणि म्हटलं, "शिवेच्या आत हे गाणं वाजवाल तर माही शपथ आहे."

तुम्ही म्हणालात, "बरं. शिवेच्या आत नाही वाजवत. पन तुहं नाव नाही काढत गाण्यातून."

ती शपथ तुम्ही पाळलीत! इतकी पाळायची असते का हो? मोताळ्यात वाजलं, मेहकरकडे वाजलं. हळदीला दुसरं गाणंच नको झालं लोकांना. आणि इथं धामणगावात पोरं मिरवणुकीत ओरडायची, "काका, टम्म! काका, टम्म!" तेव्हा तुम्ही ट्रम्पेट काखेत धरून उभे राहायचात, मास्तरानं शिक्षा केल्यासारखे.

जानेफळच्या लग्नात एक म्हातारी काठी टाकून नाचली, हे तुम्ही मला जेवताना सांगितलंत. मी काय म्हटलं आठवतं? "भाकर वाढू का भात?" एवढंच. तुमचा चेहरा पडला, तो मी पाहिला होता. पाहून न पाहिल्यासारखं केलं. देवाची कितीही पोथी वाचली तरी हे काही धुऊन निघत नाही.

आणि कार्तिकात तुम्ही गेलात. छातीत कळ आली आणि गाडी बुलढाण्याला पोचलीच नाही. ते गाणं तुमच्या तोंडून, समोर उभं राहून, मी एकदाही ऐकलं नाही. ज्या बाईचं गाणं, तिनंच नाही ऐकलं!

आता पुढचं ऐका. रूपाचं लग्न वर्षाच्या आत लावायचं ठरलं. मुलगा जानेफळचाच, चांगला आहे. गेल्या गुरुवारी यादीला पाहुणे आले. देणंघेणं, मानपान सगळं सरळ झालं. मग मुलाची आई म्हणाली, "आमचं एकच मागनं आहे. हळदीले सासऱ्याचं गाणं वाजलं पायजे. पोरगं आयकतच नाही."

तुमचे मोठे भाऊ लगेच ताठ बसले. तुम्हाला माहीतच आहे, सव्वीस वर्षांत ते माझ्याशी समोरासमोर बोलले नाहीत आणि मी त्यांच्याशी. जे असेल ते रूपाच्या तोंडून.

"रूपा, मायले सांग, घरातला मानूस जाऊन वरीस नाही झालं. आन ते गाणं तर शपथेत आहे."

मी आतून म्हटलं, "रूपा, मोठ्या बाबाले सांग, शपथ माही होती. मीच सोडीन."

"रूपा, मायले म्हन, विधवा बाईच्या नावावर भर मांडवात पोरी नाचतीन, ते बरं दिसते का? लोकं काय म्हनतीन?"

रूपा मध्ये उभी, हातात चहाचा ट्रे. बिचारी कोणाला काय सांगणार? तिचे डोळे भरले होते. तिलाही तेच गाणं हवं होतं, पण बापाशिवायच्या घरात मागावं कोणाकडे?

अहो, मग मी उंबऱ्याच्या बाहेर आले. पदर डोक्यावर होता, पण मान खाली नव्हती.

"भाऊजी, विधवा मी झाली. माह्यं नाव विधवा नाही झालं. ते नाव तुमच्या भावानं साऱ्या तालुक्यात वाजवलं, आन मी माह्याच गावात गाडून ठेवलं. आता वाजन. हळदीले वाजन, या अंगनात वाजन. लोकं काय म्हनतीन ते मले दोन वर्षं झाली पाठ आहे."

मुलाची आई हळूच म्हणाली, "हाव, खरं आहे बाईचं." भाऊजींनी कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि म्हणाले, "रूपा, मायले विचार, चहा उरला का अजून?"

उरला होता. साखरही जरा जास्तच टाकली.

पुण्याच्या त्या रेडिओवाल्यालाही सांगावंसं वाटतं, बाबा, भाकर गावठीच असते. तुझ्या शहरात ती वेगळी फुगते का? त्यानं आणि भजनातल्या बायांनी खुशाल हसावं. देवापुढे टाळ मी वाजवते आणि अंगणात माझं गाणं वाजेल. माझ्या देवाला दोन्ही ऐकू येतं, आणि तो रागावत नाही, एवढं मी त्याला ओळखते.

हल्ली भाकरी थापताना हात आपोआप त्या चालीवर पडतात. थप-थप, थप्प. म्हणजे तुम्ही खरं बोलत होतात. एवढं मला समजावून का नाही सांगितलंत? मी परात उचलून निघाले तेव्हा मागे का नाही आलात? आणि मला 'जरा थांब' म्हणणारा माणूस स्वतः थांबला नाही, हे कोणत्या गाण्यात बसतं?

असो. माझा शब्द घ्या. हळदीच्या दिवशी तुमचा ट्रम्पेट घासूनपुसून पाटावर ठेवीन, त्याला हळद लावीन. गाणं सुरू व्हायच्या आधी माईक हातात घेईन आणि तोच उखाणा म्हणेन, तुमच्या नावासकट, अख्ख्या धामणगावला ऐकू जाईल असा. रडणार नाही. नाचता येत नाही, पण टाळ आहे माझा. त्या ठेक्यावर धरीन.

फक्त एक पाहिजे. ही शपथ तुमच्यावर होती, ती तुमच्यावरून उतरली पाहिजे. म्हणून पुन्हा लिहिते.

सुटली. सुटली. सुटली.

कानावर आलं असेल तर उलट टपाली कळवा. लांबलचक काही नको. नुसतं 'टम्म' लिहिलंत तरी मला पुरेल.

तुमचीच, अजून थांबलेली,
सुमन