तिसऱ्या खोलीचे कवेलू

मी, नीलाबाई बेवा सोमाजी बुरांडे, वय अंदाजे साठ, राहणार मौजा चामोर्शी, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवीत आहे. ताप अंगातून जात नाही, पण डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या दाबाखाली लिहवीत नाही. दाब घालू पाहणाऱ्याचं नाव खाली आलं आहे.

माझी मिळकत म्हणजे तळ्याच्या वाटेवर एका ओळीतल्या तीन खोल्या. यजमान वारल्यावर दीर गुणवंतराव म्हणाले, "वयनी, धानाच्या बांध्या इकून टाका अन् खोल्या बांधा. घरी बसून भाडं येते." त्यांनी बारा महिन्यांचं भाडं धरलं. पावसाळा लागला की लाकूड ठेकेदाराची माणसं गावी जातात, खोल्या चार महिने ओस पडतात, हे धरलं नाही. दरसाल छपरावरचे कवेलू फेरणं, माकडांनी फोडलेले बदलणं, वाळवीने खाल्लेले छपराचे फाटे, भिंतींचं लिंपण, कर, यातलंही काही धरलं नाही. भाड्यातून न भागलेला खर्च मी लोकांचं धान कांडून भरला. गुणवंतरावांना माझ्या मिळकतीतून काही देऊ नये. तेरवीला मात्र जेवायला बोलवावं.

तिसऱ्या खोलीत ठेकेदाराचा मुन्शी लटारू राहत असे. भामरागडच्या जंगलातून ताप घेऊन आला आणि त्या खोलीतच गेला. शेवटपर्यंत बायकोला हाका मारत होता. त्याची बायको शकुबाई धानोऱ्याहून पोचली तेव्हा सारं उरकलं होतं. तिने विचारलं म्हणून मी त्या हाकांचं सांगितलं. सासरी तिला कोणी ठेवून घेईना, आणि माणूस मेलेल्या खोलीत भाडेकरू येईना. मी म्हटलं, राहा. पाच वर्षं ती राहिली. माझं दुखणं तिनेच काढलं.

मुलगा वारलू चांद्याला असतो. होळीला आला तेव्हा म्हणाला, "माय, फुकटचं माणूस काऊन ठेवलं? तिले काढ. दोन्ही खोल्या भाड्यानं देऊ."

शकुबाई दारातच होती.

तेव्हा तिसरी खोली तिच्या नावे करायचं मी ठरवलं. काल तिला सांगितलं.

"मले ते खोली नको, बाई."

"काऊन वो?"

"थो मले हाका मारे म्हणून तुमीच सांगतलं ना. तिथी झोप नाई येत. भिंतीले टेकूनच रात जाते."

पाच वर्षांत हे तिच्या तोंडून निघालं नव्हतं. जायला दुसरी जागा नव्हती.

सबब, मी राहते ती पहिली खोली शकुबाईला तिच्या हयातीपर्यंत बिनभाड्याने दिली आहे. वारलूने तिला उठवू नये. तिच्यामागे ती वारलूची.

मधली खोली आजच वारलूची. भाडं आठच महिन्यांचं धरावं. त्यातून आधी दोन्ही खोल्यांचं छप्पर आणि कर भागवावा. उरेल ते त्याचं. फार उरणार नाही.

तिसरी खोली पाडावी. तिचे फाटे आणि कवेलू मागे रचून ठेवावे, म्हणजे बाकीच्या दोन खोल्यांना काही वर्षं विकत घ्यावे लागणार नाहीत.

पाडायचा दिवस आठवडी बाजाराचा धरावा. शकुबाईला सकाळीच बाजाराला पाठवावं आणि तिथे अडकवून ठेवावं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे.

मौजा चामोर्शी, ता. ९ एप्रिल १९५७
नीलाबाई बुरांडे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार
कोलू सोनुले, शेजारी (सही)
पोचू गेडाम, मधल्या खोलीतील भाडेकरू (अंगठा)