रविवारचं पाणी

मु. कळस, ता. इंदापूर
शुक्रवार, ता. १६ मार्च १९३४

प्रवचनात माझं नाव घेतलं न्हायस एवढीच मेहरबानी केलीस. बाकी कळस गाव, बोळकं तोंड, एक डोळा बारका, सगळं सांगितलंस म्हणं! काल बारामतीच्या बाजारात तुमच्या मंडळीतल्या तिघींनी आमच्या शेजारच्या सारजाला गाठलं आणि विचारलं, उपदेशकाच्या प्रवचनातली ती रविवार मोडणारी म्हातारी म्हंजी त्याची आजीच ना. सारजा देवीला नारळ फोडणारी बाई. तिला बी माझी लाज वाटली.

चि. कुंडलिकास आजी सरुबाईचा सलाम आणि आशीर्वाद. आमी हितं प्रभूच्या कृपेनं खुशाल. तू खुशाल असशीलच. दुसऱ्याचं पाप गावलं की उपदेशकाला भूक चांगली लागती.

चार तारखेला, रविवारी, मी रानात कांद्याच्या वाफ्यांना पाण्याची दारं धरून उभी होते, हे खरं. इंदापूरचा तो प्रचारक सायकलीवरनं जाताना बघून गेला. उतरून विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण बुटाला चिखल लागंल म्हणून तो लांबनंच सलाम करून गेला आणि तुला कागद लिहिला. तू तरी एक कार्ड टाकून विचारायचंस. न्हाय. तुला प्रवचनाला विषय पाहिजे होता आणि आजी फुकट मिळाली.

रविवारी काम करणं पाप, असं तासभर सांगितलंस म्हणं. मग घरी जाऊन जेवलास का उपाशी राहिलास? भाकरी नातसून कौसल्येनं थापल्या का देवदूतांनी?

पुनरुत्थानाच्या दिवशी, इस्टरला, मला प्रभुभोजनाला बसू द्यायचं न्हाय, असा मंडळीच्या पंचांनी ठराव केलाय म्हणं. खरं का खोटं ते कळव. चाळीस वर्षं त्या मेजावरची भाकर खाल्ली हाय. प्लेगात सगळी पळाली तवा आमी सातजणं मेजावर होतो. तुझ्या आईला पुरून आले आणि दुसऱ्या दिवशी तितंच गेले, दुसरीकडं जायला जागा नव्हती. आता या वयात दारातनं बघत बसायचं, हे माझ्यानं व्हायचं न्हाय.

लोभ हाय तो घरात ठेव, प्रवचनात वाटू नकोस.

तुझी आजी
सरुबाई


बारामती
सोमवार, ता. १९ मार्च १९३४

ती. आजीस, ख्रिस्तात कुंडलिकाचा सा. सलाम वि. वि.

आपले पत्र शनिवारी पावले. प्रवचनात आपला उल्लेख दृष्टांतादाखल झाला, हेतू शुद्ध होता. डोळ्याचा तपशील टाळायला हवा होता, हे कबूल करतो. भाकरीचा प्रश्न कौसल्येने दोनदा मोठ्याने वाचला. काल दुपारी माझ्या ताटात शनिवारची शिळी भाकरी आली.

पंचांचा ठराव खरा आहे. परंतु उपाय सोपा आहे. एक एप्रिलला, पुनरुत्थानाच्या दिवशी, उपासनेत उभे राहून आपली चूक झाली एवढे आपण म्हणावे. मंडळी क्षमा करील आणि आपण सर्वांबरोबर मेजावर बसाल. त्याच दिवशी पाद्रीसाहेब माझ्या डोक्यावर हात ठेवून मला पाळक नेमणार आहेत. ज्याला स्वतःच्या आजीला वळण लावता येत नाही, त्याच्या हाती मंडळी कशी सोपवावी, असे एका पंचाने सर्वांदेखत विचारले.

आपण मला वाढवले. हा दिवस आपण पाहावा, यापलीकडे मला काही नको. कांद्याचे वाफे एक दिवस थांबू शकतात, आजी. आत्म्याचे तसे नाही.

लोभात अंतर पडू नये, ही विनंती.

आपला आज्ञांकित
कुंडलिक


मु. कळस
गुरुवार, ता. २२ मार्च १९३४

चि. कुंडलिकास आजीचा सलाम. पाळक व्हायच्या आधीच मला ‘आपण’ म्हणायला लागलास. झाल्यावर वळखशील का न्हाय, देवाला ठाऊक.

दोन पानं लिहिलीस, पण मी कुणाच्या रानात उभी होते हे एकदा बी विचारलं न्हायस. ते रान दत्तोबाचं. आपल्या बांधाला बांध लागून. बायको मेलेला, लेकरू न्हाय.

कॅनॉलच्या वहीत एका रविवारआड रविवारची पाण्याची पाळी माझ्या नावावर हाय, आणि त्या रविवारापुढच्या मंगळवारची दत्तोबाच्या. बारा वर्षांमागं मी त्याला म्हणाले, रविवार आमच्या प्रभूचा दिवस. त्यानं दुसरा सवाल केला न्हाय. तवापासनं माझं रविवारचं पाणी तो घेतो, त्याचं मंगळवारचं मी घेते. दिस उगवल्यापासनं मावळेपर्यंत तो चिखलात उभा, म्हणून मी धुतलं लुगडं नेसून गीतं म्हणत बसले. बारा वर्षं माझा रविवार दत्तोबानं पाळला, कुंडलिका. मी नुसती बसले होते.

माघात त्याच्या पायावरनं गाडीचं चाक गेलं. मंगळवारचं त्याचं पाणी माझ्या कांद्यानं पिलं. मग रविवारी त्याच्या कांद्याला कोण पाजणार? प्रार्थना केली, पण तेवढ्यानं वाफ्यात ओल होत न्हाय. चारला उभी राहिले, अठराला बी राहिले. अठराचं प्रचारकानं बघितलं न्हाय, म्हणून मीच कळवते. त्याची सायकलीची तंगडतोड वाचली.

वाफे थांबत्यात म्हणतोस. व्हय, थांबतील. कॅनॉलचं पाणी थांबत न्हाय. ते पुढं जातं आणि चौदा दिसांनी येतं. आता येईल ते एक एप्रिलला, तुझ्या डोक्यावर हात ठेवत्यात त्याच दिवशी. कांदा पोसायचं शेवटचं पाणी ते.

चूक झाली असं म्हणायला मी उभी राहणार न्हाय. खोटं बोललेल्या तोंडात ती भाकर मला घालायची न्हाय. मेज चुकलं तर वाईट वाटंल. लई वाटंल. ते माझं मी बघीन.

एक तोड हाय. पंचांतला कुणीबी एकजण, धोतर वर खोचून, शनिवारीच हिकडं पाठव. रविवारी त्यानं दारं धरावी. मी बारामतीला येईन आणि घडलं तसं मंडळीपुढं सांगीन. मग बसवा न्हायतर उठवा.

लोभ हाय तसाच हाय, थोडा चिखल लागलाय एवढंच.

तुझी आजी
सरुबाई

ता. क. कुणी येणार नसंल तर मला उत्तर नको. उत्तर दत्तोबाला लिही. तूच लिही, तुझ्या हातानं, कौसल्येला पुढं करू नकोस. त्याचा कांदा प्रभूसाठी का वाळू द्यायचा, ते त्याला नीट समजंल असं लिही. त्याला अक्षर येत न्हाय. मी वाचून दाखवीन, एक शब्द गाळणार न्हाय.