बुद्धरत्नची मोडलेली सोयरीक

चऱ्होली, ३ ऑगस्ट २०२४

चि. सौ. आम्रपालीस, सासू कस्तुराचा जयभीम व आशीर्वाद.

तुझ्याशी अबोला धरलाय, म्हणून फोन न्हाई. लिहिलं तर अबोला मोडत न्हाई, असं तुझे सासरे म्हणाले. पत्र तेच आणतील. त्यांना जेवायला घाल.

काल तुझ्या उशाशी पाळणा लांबवायच्या गोळ्या दिसल्या. लेकरू अंगावर पितंय. गोळी दुधात उतरणार, दूध पोरात. मग बुद्धरत्नाला पुढं मूलबाळ होईल का? शेजारच्या शालनबाईच्या तान्ह्या नातीशी त्याची सोयरीक मी तोंडी ठरवली होती. फसवणूक नको म्हणून तिला खरं सांगितलं. तिनं सोयरीक मोडली. गोळ्यांचं पाकीट मी घेऊन आलेय.

पोराचा पापा घे. रागासकट लोभ ठेव.

कस्तुरा


थेरगाव, ४ ऑगस्ट

ती. आईंस सविनय जयभीम.

बाबा पोटभर जेवले. सोयरीक ठरली होती, हे आम्हाला ती मोडल्यावर कळलं. हे शिफ्टवरून आले आणि पोराजवळ बसून त्याची समजूत घालत होते.

आई, गोळ्या डॉक्टरबाईंनीच दिल्यात. त्यात एकच हार्मोन आहे. पाजणाऱ्या बाईला तीच देतात. दोन हार्मोनवाल्या गोळ्या बाळंतपणानंतर लगेच देत नाहीत, दूध कमी होऊ शकतं. माझी गोळी दुधात किंचित उतरते, बाळाला अपाय नाही. पण ती रोज वेळेवर लागते, आणि पाकीट तुमच्याकडे. एवढ्यात दुसरं मूल मला झेपणार नाही. बाळंतपणानंतर मी न्हाणीत बसून रडायचे, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. उद्या दवाखान्यात चला. अबोल्यानं आलात तरी चालेल.

माया असू द्या.

आम्रपाली


चऱ्होली, ६ ऑगस्ट

चि. सौ. आम्रपालीस जयभीम.

दवाखान्यात मी चिठ्ठ्या लिहून विचारत होते, तर बाईही लिहूनच उत्तरं देत होत्या. त्यांना वाटलं मी मुकी हाय. गोळी चालू असताना दिवस गेले तर, हेही विचारलं. कळल्याबरोबर बंद करायची. आधी घेतलेल्या गोळ्यांनी बाळाला व्यंग येतं असं आढळलेलं न्हाई, असं त्यांनी लिहिलं. पोराला पुढं मूल होईल असा दाखला मागितला, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

चिठ्ठ्या शालनबाईला दाखवल्या. तिची सून तनुजा आतून म्हणाली की तीही त्याच गोळ्या घेते.  आता शालनबाई सोयरीक पुन्हा जोडू म्हणते. मी म्हटलं, पोरं मोठी होऊन ठरवतील.

दवाखान्यातनं आणलेलं नवं पाकीट जपून ठेव. दुसरं मूल कधी, का नकोच, ते तू ठरव. तुझ्या नवऱ्याच्या, बुद्धभूषणच्या पाठीवर मला लगेच दिवस गेले, तेव्हा मलाही रडू यायचं. मला कुणी विचारलं न्हाई.

जिव्हाळा राहू दे.

कस्तुरा